झाकणाच्या करंज्या आणि माझे गरम हात

घाटंजी,
२७ डिसेंबर

ती. वहिनी,

तुमच्या पायांवर (दुखरा गुडघा सोडून) बबनचा घाटंजीहून साष्टांग नमस्कार. इकडे मी खुशाल आहे. तुमची खुशाली तुम्ही स्वतः खरी कळवाल यावर माझा विश्वास नाही, कारण दादांच्या शेवटच्या आजारपणात अंगात ताप घेऊन तुम्ही उभ्याने स्वयंपाक करत होतात आणि विचारलं की ‘बरी आहो’ म्हणत होतात. म्हणून यावेळी मी तुमच्या शेजारच्या प्रियंकाकडे परस्पर चौकशी केली. ती म्हणाली की तुम्ही पायऱ्या उतरताना भिंतीला हात लावता, आणि संध्याकाळी दिवा लावला की दार लावून घेता ते थेट सकाळी उघडता. तिला रागावू नका, मीच खोदून खोदून विचारलं.

फोन असताना पत्र कशाला, असं तुमच्या मनात आलंच असेल. फोनवर तुम्ही दोन मिनिटांत ‘बरं ठेव आता, तुले बिल येते’ म्हणून बंद करता. बोलणं आता फुकट असतं हे मी तुम्हाला सहा वर्षं सांगतो आहे, पण तुमच्या लेखी फोन अजून ट्रंककॉलच आहे. पत्र असं मध्येच बंद करता येत नाही. शिवाय मला जे सांगायचं आहे ते सांगायला थोडी जागा लागते, आणि तुमचं तोंड समोर असलं की माझं अर्धं धैर्य जातं. तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आज सासष्टचा आहे, तरी तुमच्यासमोर मी नऊचाच होतो, याला माझा इलाज नाही.

बेबी ऑक्टोबरपासून लेकीच्या, निशिगंधाच्या बाळंतपणासाठी पुण्याला आहे हे तुम्हाला ठाऊक आहेच. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. (नातू माझ्यावर गेला आहे असं बेबी फोनवर म्हणाली, पण आवाजात म्हणावा तसा आनंद नव्हता.) जाण्यापूर्वी तिने मला गॅस कसा लावायचा, कसा बंद करायचा, आणि बंद केला आहे की नाही हे परत जाऊन कसं बघायचं, याचे तीन दिवस धडे दिले. त्या जोरावर मी आता चहा, खिचडी आणि पुन्हा चहा एवढं करू शकतो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढची हकिगत वाचताना माझी तयारी किती होती हे तुमच्या ध्यानात राहील.

आता साळवेबाईंची गोष्ट. आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या एस्तेरबाई साळवे, रिटायर नर्स. तुम्ही त्यांना निशिगंधाच्या लग्नात पाहिलं होतं. पांढरी साडी, उंच, आणि वाढप्यांना शिस्त लावत होत्या त्याच. आमचं आणि त्यांचं चौतीस वर्षांचं ताटांचं येणं-जाणं आहे. दिवाळीला आमच्याकडून फराळाचं ताट त्यांच्याकडे जातं, नाताळला त्यांचं ताट आमच्याकडे येतं, आणि ताट कधी रिकामं परत करायचं नाही असा आमच्या गल्लीचा रिवाज. नाताळच्या ताटात केक असतो, चकली असते, आणि त्यांचे ते ‘मिन्स पाय’ असतात. म्हणजे वाटीएवढी मैद्याची पारी, आत मनुका, संत्र्याची साल, सफरचंद, गूळ, लवंग-जायफळ असं मुरवलेलं गोड सारण, आणि वर पुन्हा मैद्याचंच झाकण. पूर्वी मनुका परवडायच्या नाहीत तेव्हा त्या पांढरकवड्याकडून सुकलेली मोहफुलं आणून घालायच्या, आणि आता परवडतात तरी मूठभर घालतातच. गल्लीत कोणाला ते इंग्रजी नाव वळलं नाही. सगळे त्याला झाकणाची करंजी म्हणतात. साळवेबाईंनी पहिली दहा वर्षं सगळ्यांचं नाव सुधारलं, मग स्वतःच झाकणाची करंजी म्हणायला लागल्या.

ऑगस्टमध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, जीभही वाचली (जीभ जरा जास्तच वाचली असं त्यांना सांभाळायला आलेल्या दोन बायांचं मत होतं, दोघी आठ-आठ दिवसांत पळाल्या), पण उजवा हात गेला. गेला म्हणजे आहे, मांडीवर पडून असतो, काही काम करत नाही. म्हणून त्या त्याला ‘साहेब’ म्हणतात. व्यायाम शिकवायला एक मुलगी येते, तिने दाबायला रबराचा चेंडू दिला होता, तो बाईंनी कपाटावर टाकून दिला. आता एक बाई सकाळी येते, आंघोळ-स्वयंपाक करून पाच वाजता जाते. नंतर बाई एकट्या. त्यांचा मुलगा अमर नाशिकला कारखान्यात आहे, गुणी पोरगा. पण रात्री आईला काही झालं तर कोण, या विचाराने त्याची झोप उडाली आहे. त्याने डिसेंबरच्या सुरुवातीला फोन केला, की पाच जानेवारीला आईला घेऊन जातो, घराला कुलूप लावतो. बाई ‘बरं’ म्हणाल्या. वहिनी, ही बाई आयुष्यात कोणाला ‘बरं’ म्हणाली नव्हती. मला ते ऐकून फार वाईट वाटलं.

त्याच दिवशी संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसलो होतो. बोलता बोलता त्या म्हणाल्या, की यंदा गल्लीत ताटं जाणार नाहीत, जातानाचा नाताळ कोरडाच. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की मी करतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या हसल्या. ऑगस्टपासून पहिल्यांदा हसल्या. अर्धा चेहरा हसला आणि अर्धा तसाच राहिला, पण हसल्या. एकदा त्या हसल्यावर मला माघार घ्यायला जागाच उरली नाही. अकरा घरं, प्रत्येक घरी दोन, म्हणजे बावीस झाकणाच्या करंज्या, आणि करणारा मी.

सारणाने मला त्रास दिला नाही, ते कधी नव्हे इतकं सरळ निघालं. चिरायचं, कालवायचं आणि बरणीत भरून ठेवायचं, एवढंच. खरं दुखणं पारीचं. तुम्हाला आठवत असेल, वीस तारखेला मी फोन करून करंजीच्या पारीचं विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, ‘तुले कायले पाह्यजे?’ मी म्हणालो, सहज. तुम्हाला सहज या शब्दावर विश्वास बसला नाही, तरी तुम्ही सांगितलं, की मोहन असं कडकडीत तापव का पिठावर टाकलं का चर्र झालं पाह्यजे, मंग घट्ट भिजव, ओल्या फडक्यात ठेव अन् कुटून कुटून मऊ कर. हे मी जसंच्या तसं लिहून घेतलं. साळवेबाईंना न सांगता सगळं तयार करायचं आणि त्यांना चकित करायचं, असा माझा बेत होता. (त्या चकित झाल्या, ते पुढे येईल.)

एकवीस तारखेला दुपारी त्या झोपल्या असताना मी त्यांचा तो गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन माझ्याकडे आणला आणि कामाला लागलो. एक किलो मैदा. तूप असं तापवलं की पिठावर पडताच नुसतं चर्र नाही, जरा धूरही झाला. मग मळलं. वहिनी, मी आयुष्यात कोणतंच काम इतक्या इमानदारीने केलं नसेल (हे वाक्य माझ्या जुन्या ऑफिसातल्या कोणाला वाचून दाखवू नका). मग खलात घालून बत्त्याने तासभर कुटलं. मागच्या घरचा शेतकरी उकंडा भिंतीवरून डोकावून विचारून गेला की मी फरशी फोडून राह्यलो काय. मग वाट्यांत पारी दाबली, सारण भरलं, झाकणं लावली, चाळीस मिनिटं भाजलं. रंग असा सुरेख आला की मी फोटो काढून बेबीला पाठवला. तिचं उत्तर आलं, ‘या पणत्या कोणी केल्या?’

साळवेबाईंनी एक करंजी डाव्या हातात घेतली, वजन पाहिलं, आणि खाण्याऐवजी टेबलावर ठोकून बघितली. मग शांतपणे म्हणाल्या, ‘बबनराव, इतके वर्षं तुमचं माझं काही वाकडं नाही, मंग हे काहून?’ मी कृती सांगितली. कडकडीत तूप म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटले. कुटलं म्हटल्यावर ओठ हलायला लागले. प्रार्थना असावी, माझ्यासाठी की मैद्यासाठी ते कळलं नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं, की या पारीचं सगळंच आपल्या करंजीच्या उलट असतं. तूप-लोणी जे काही असेल ते फ्रिजमधलं घट्ट हवं, पाणी बर्फासारखं हवं, लोणी पिठात बोटांच्या टोकांनी नुसतं चुरायचं, मळायचं तर मुळीच नाही, आणि गोळा कसाबसा एकत्र आला की हात काढून घ्यायचा. जितका हात कमी, तितकी पारी खुसखुशीत. यात तुमची काही चूक नाही, वहिनी. करंजी मी म्हणालो होतो आणि करंजीचं तुम्ही बरोबरच सांगितलं. (पण कडकडीत हा शब्द तुमचाच, एवढं मी नोंदवून ठेवतो.)

दुसऱ्या दिवशी दूधवाल्या लालीबाईकडून ताजं लोणी आणलं. तिने विचारलं, इतकं कायले, घरी तं तुम्ही एकटे. मी म्हणालो, करंज्या. तिने लोणी देताना माझ्याकडे अशा दयेने पाहिलं की मला बेबीची फार आठवण झाली. लोणी रात्रभर फ्रिजमध्ये दगड करून ठेवलं आणि तेवीस तारखेला सकाळी साळवेबाईंच्या देखरेखीखाली बसलो. त्या खुर्चीत, मी खाली पाटावर, मध्ये परात. आता इथे माझे हात आड आले. तुम्हाला माझे हात माहीत आहेत. लहानपणी थंडीत तुम्ही माझे हात आपल्या दोन्ही हातांत धरून बसायचात आणि बबनचे हात म्हंजे शेगडी आहे म्हणायचात. ती शेगडी अजून विझलेली नाही. लोणी पिठात घातलं आणि दोन मिनिटांत त्याचं पाणी. पीठ तेलकट झालं, बोटांना चिकटलं. त्यात मी कापसाच्या खरेदी केंद्रावर एकतीस वर्षं ग्रेडर होतो. हातात काहीही आलं की चिमटीत धरून, ओढून, तोडून धागा किती लांब आहे ते बघितल्याशिवाय माझा अंगठा गप्प बसत नाही. मी पिठाचंही तेच करायला लागलो. साळवेबाई ओरडल्या, ‘कापूस नोहे तो! सोडा त्याले!’ मी सोडलं, पण पीठ मला सोडायला तयार नव्हतं.

मग त्यांनीच उपाय सांगितला, की चोवीसला पहाटे थंडी असते, तेव्हा हात गार पाण्यात घालून बसा आणि मग पिठाला लावा. पहाटे सहाला मी मफलर गुंडाळून ओट्यावर बसलो, दोन्ही हात बादलीत. अर्ध्या तासाने बोटं बधिर झाली तेव्हा उकंडा शेताकडे निघाला. त्याने मला तसं पाहिलं आणि हळहळून विचारलं, ‘भाजलं काय जी?’ माझे दात वाजत होते, त्यामुळे मला नीट नाही म्हणता आलं नाही. पुढे काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. बेबी नसल्यामुळे बबनरावांनी स्वयंपाक करताना हात जाळून घेतले, ही बातमी आठ वाजेपर्यंत सगळ्या गल्लीत झाली. एकीने कोरफड आणली, एकीने हळद लावायला सुरुवातच केली, आणि समोरच्या बसंतीबाईंनी तर माझं काही न ऐकता दोन्ही हातांना फडकी गुंडाळली. मी फडकी सोडून साळवेबाईंकडे पोचलो तोवर माझे हात हळदीने पिवळे झालेले, आणि सगळ्यांनी चोळल्यामुळे आधीपेक्षाही गरम. मला तीन वेळा शिंका आल्या. नाताळ दुसऱ्या दिवशी. मी पाटावर बसलो आणि म्हणालो, बाई, माझ्याने होत नाही.

साळवेबाईंनी माझ्या पिवळ्या हातांकडे पाहिलं. म्हणाल्या, ‘सरका, परात इकडं घ्या.’ मी परात त्यांच्या समोरच्या टेबलावर ठेवली. त्यांनी डाव्या हाताने आपला उजवा हात मांडीवरून उचलला, घरातल्या दुसऱ्या कोणाची तरी वस्तू उचलावी तसा, आणि पिठात ठेवला. म्हणाल्या, ‘ऑगस्टपासून हा साहेब थंडगार आहे. रात्री मोजा घालून झोपते त्याले. निदान आज तरी कामाले येऊ द्या.’ मी हात लावून पाहिला. वहिनी, माठातल्या पाण्यासारखा गार होता. झटका आलेला हात असा गार पडतो, असं व्यायामवाली मुलगी म्हणाली होती. त्यांचा अंगठा आणि दोन बोटं तेवढी हलतात, तीही जरा जराशीच. पण या पारीला जोर नकोच असतो! मी लोण्याचे तुकडे त्या बोटांखाली सरकवायचो, बोटं ते हळूहळू चुरायची, आणि हात जागचा हलत नव्हता म्हणून मी परातच फिरवत होतो. चौदा वर्षांच्या असताना मिशनच्या दवाखान्यात मडमेने सगळ्या मुलींचे हात धरून पाहिले आणि ‘हिचे हात थंड आहेत, हिला पीठ शिकवा’ म्हणाली, तशी आपण हे शिकलो, असं त्यांनी मला परात फिरता फिरता सांगितलं. मध्येच हात दमला की म्हणायच्या, ‘थांबा, साहेब थकले.’ मग आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसायचो, आणि तो पुन्हा हलला की मी परात फिरवायचो.

एक किलो मैद्याला पावणेदोन तास लागले. शेवटी गोळा एकत्र आला तेव्हा त्या म्हणाल्या, ‘बस, आता कोणीच हात लावू नका.’ आणि आपल्या पांढऱ्या झालेल्या बोटांकडे बघत रडायला लागल्या. मीही रडलो, खोटं कशाला लिहू. मग मी उठून चहा ठेवला, कारण अशा वेळी दुसरं काय करायचं असतं ते बेबीने शिकवलेलं नाही. गॅस बंद केला की नाही ते मात्र परत जाऊन पाहिलं. चहा पिऊन झाल्यावर बाईंनी मला कपाटावरचा चेंडू काढून मागितला आणि मांडीवर ठेवला.

बत्तीस झाल्या. पाच काढताना तुटल्या, तीन मी भाजल्या आहेत का हे बघण्यासाठी खाल्ल्या. (एकीने कळलं असतं, पण खात्री केलेली बरी.) काय सांगू, जिभेवर ठेवली की पारी आपोआप सुटते, आणि मग आतली मोहफुलं आणि संत्र्याची साल लागते. झाकणं काही नीट बसली नव्हती, कडा वेड्यावाकड्या होत्या. बाई म्हणाल्या, राहू द्या, लोकं तोंडानं खातात. पंचवीसला चर्चमधून आल्यावर त्या पांढरी साडी नेसूनच ओट्यावर बसल्या आणि मी ताटं घेऊन अकरा घरी फिरलो. कोणी विचारलं तर काय सांगायचं ते मला पढवून ठेवलं होतं, की बाईंनी केल्या, मी परात फिरवली. पहिलं सगळ्यांना पटलं, दुसरं कोणालाच पटलं नाही. संध्याकाळपर्यंत ताटं परत यायला लागली, आणि एकही रिकामं नाही. तुरीच्या शेंगा, हरभऱ्याची कोवळी भाजी, तिळाची चटणी, अख्खी पपई. बसंतीबाई ताट द्यायला आल्या आणि जाताना सहज म्हणाल्या, ‘पुढच्या नाताळाले मले चार पाठवा, बाई, दोन पुरत नाही.’ साळवेबाईंनी मान हलवली, आणि त्या गेल्यावर बराच वेळ भिंतीकडे बघत बसल्या. मला तिथे बसवेना. मी उगीच शेंगा सोलायला घेतल्या.

अमर त्याच संध्याकाळी नाशिकहून आला. राहिलेल्या दोन करंज्या त्याने उभ्या उभ्याच खाल्ल्या आणि विचारलं, या वर्षी कोणी केल्या. बाईंनी उजव्या हाताकडे बोट दाखवलं. तो आत गेला तो पाच-सात मिनिटं बाहेर आला नाही. नंतर मला ओट्यावर एकटं गाठून म्हणाला, काका, मलेही तिले न्यावं वाटत नाही, तिथं चौथ्या मजल्यावर ती करणार काय दिवसभर. पण रात्रीचं कोणी हक्काचं माणूस तिच्याजवळ असतं तं मी नेलंच नसतं. मी मान हलवली. मला काही सुचलं नाही. (म्हणजे सुचलं, पण ते इथे लिहीत नाही.)

तर असा यंदाचा आमचा नाताळ झाला. पत्र फार लांबलं. गुडघ्याला तेल लावत जा, आणि तेल लावणारं कोणी नाही म्हणून टाळू नका. प्रियंकाला आशीर्वाद सांगा. थोर तुम्ही, लहान मी, चुकलं-माकलं पदरात घ्या, विशेषतः या पानाच्या मागचं.

तुमचा,
बबन

ता. क. : पहिल्या खेपेतली एक करंजी सोबतच्या डब्यात पाठवत आहे. टपालात तिला काही होणार नाही. खाऊ मात्र नका, नुसती बघा.

आणखी ता. क. : वहिनी, आधी बसून घ्या. बसलात? मी अमरला सांगून टाकलं आहे की माझ्या महागावच्या वहिनी पाच तारखेच्या आत येऊन त्याच्या आईजवळ राहतील. तुम्हाला न विचारता सांगितलं. तो माझ्या पाया पडला, आणि त्यानंतर मला शब्द मागे घेता येईना. त्याने तिकीट रद्द केलं आहे. आता दुसरी भानगड अशी, की साळवेबाई सांभाळायला आलेलं माणूस घरात टिकू देत नाहीत, त्या दोन बायांचं सांगितलंच. म्हणून त्यांना मी उलट सांगितलं आहे : की तुम्हीच आजारी आहात, तुम्हाला एकटं ठेवण्यासारखं नाही, आणि त्या रिटायर नर्स, म्हणून त्यांनीच तुम्हाला चार दिवस ठेवून घेतलं तर माझ्यावर उपकार होतील. त्या लगेच कबूल झाल्या. तुमच्यासाठी पलंगावर चादरही बदलली आहे. फार खोटं नाही सांगितलं, वहिनी. तुमचा एक गुडघा दुखतोच, मी फक्त दोन्ही म्हणालो. आल्यावर पहिले चार दिवस जरा लंगडत चाला म्हणजे झालं.

शेवटचं ता. क. : दादा गेल्यावर मी तुम्हाला दोनदा न्यायला आलो होतो. दोन्ही वेळेला तुम्ही म्हणालात, की दिराच्या घरी कायमचं येऊन राहणं बरं दिसत नाही. तेव्हा म्हणायचं राहिलं ते आता लिहितो. आई गेल्यावर तुम्ही मला जेवू घातलं, शाळेत घातलं, आणि तुमच्या घरी मी राहणं बरं दिसतं का, असं तुम्ही कधी कोणाला विचारलं नाही. तुम्ही तिकडे एकट्या दार लावून बसता हे मला आता सहन होत नाही. हे दिराचं घर नाही, भिंतीपलीकडचं आहे. तेवढ्यासाठी तरी या. मी लिफाफा आणायला चाललो आहे, नाहीतर हे पत्र मी फाडून टाकेन.

तुळसाबाईंना एस्तेर साळवेचा नमस्कार. बबनराव लिफाफा आणायला गेले आणि पत्र माझ्या टेबलावर उघडं ठेवून गेले, म्हणून वाचलं. डाव्या हाताने लिहिते, अक्षर समजून घ्या. तुमचे दोन्ही गुडघे दुखत नाहीत हे मला तेव्हाच कळलं होतं, ह्या माणसाला खोटं बोलताना माझ्याकडे बघता येत नाही. लंगडू नका. मी कोणाला ठेवून घेत नाही असं सगळे म्हणतात, आणि मी अमरलाही सांगितलं नाही, पण रात्री मला फार भीती वाटते. तुम्हालाही वाटत असेल. या.